चाळीस तास

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी एकही बांधलं नाही.
लोकांनी बांधलेली पाहत आलो, सव्वीस वर्षं,
गुडघ्यांवर, पोटावर,
माळ्यावरच्या काचलोकरीत खोकत,
आणि हात धुऊन सांगत आलो
पाणी नेमकं कुठे मुरतंय.

दर दोन वर्षांनी मात्र आम्हांलाच तपासतात.
चाळीस तास शिका, नाहीतर परवाना ठेवा खाली.
म्हणून डिसेंबरात, मुदतीला नऊ दिवस उरले असताना,
विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावी, मोटेलच्या या खोलीत
आम्ही एकवीस जण. ओले बूट. करपलेली कॉफी.
आणि छताच्या कोपऱ्यात बशीएवढा पिवळट डाग,
जो प्रत्येकाने आत येताच पाहिलाय
आणि ज्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

शिकवणारी हेल्मी कांगास. असेल एकोणतिशीची.
ऑरिन पेल्की माझ्या कानाशी लागला :
माझे बूट हिच्याहून थोरले आहेत.
मग तो झोपला. हजेरीत झोपेचेही तास धरतात.
मी सकाळभर मान डोलावत होतो.
पन्हळीतला बर्फ. ठाऊक आहे.
ॲल्युमिनियमच्या तारा. ठाऊक आहे.
रेडॉनला रंग नाही, वास नाही –
ठाऊक आहे, बाई, पुढे चला.

जेवणानंतर तिने एक फोटो लावला.
पाणी तापवायची गॅसची टाकी, वरून घेतलेली.
थंड नळाभोवती निळं कडं, गरम नळाभोवती लाल,
प्लास्टिकची, बांगडीहून लहान.
लाल कडं एका अंगाने मेणासारखं ओघळलेलं.
हे कशाने?
स्वस्त माल, कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.
ती नाही हसली. म्हणाली,
वर जायचा धूर वाटेतून परत फिरला.
हे घर स्वतःचाच उच्छ्वास
पुन्हा छातीत भरून घेत होतं.

माझं पेन थांबलं.

ती टाकी मी पाहिली होती.
ही नव्हे. पण हीच.
दोन हजार चारचा मार्च, हिरव्या फळ्यांचं घर,
लिनेट नावाची बाई, सातवा महिना,
कठडा धरून एकेक पायरी उतरत विचारत होती
पाळणा कुठल्या खोलीत ठेवू,
जणू मी त्यातलाही जाणकार.
मी म्हटलं, टाकीच्या वरची खोली घ्या.
ऊब राहील.

अहवाल, पान अकरा :
कड्याला किरकोळ विद्रूपता. केवळ दिसण्यापुरती.
'दिसण्यापुरती' हा तेव्हा माझा लाडका शब्द होता.
त्याने गिऱ्हाईक घाबरत नाही,
दलाल पुन्हा बोलावतो.

पुढच्या दोन तासांत काय शिकवलं ते विचारू नका.
प्रमाणपत्रावर आहे.

पाचला काळोख. गाडी आपोआप वळली म्हणणं खोटं,
मी वळवली.
लोहखनिजाच्या धक्क्यावर दिवे, बर्फ भुरभुरणारा.
वाटेत हिशेब केला :
मूल आता वीस वर्षांचं. किंवा.
'किंवा'च्या पुढे मी गेलो नाही.

घर जागेवर होतं. फळ्या आता करड्या.
दार वाजवून म्हणणार काय?
वीस वर्षं उशिरा आलेला म्हातारा, हातात टॉर्च.
तेवढ्यात दिसलं, बाजूच्या भिंतीतून, कमरेच्या उंचीवर,
पांढरा प्लास्टिकचा पाइप. माझ्या वेळी नव्हता.
त्यातून वाफ निघत होती, सरळ बाहेर, थंडीत.
म्हणजे कोणीतरी बदललंय.
कधी, ते पाइप सांगत नाही.
पहिल्या हिवाळ्यात की दहाव्या,
वेळेवर की नंतर.

पाय बधिर होईतो उभा राहिलो.
टाकीच्या वरच्या खोलीत दिवा लागला,
कोणीतरी पडदा ओढला. हात तरुण होता,
की मला तसा हवा होता.

उद्या आठला पुन्हा वर्ग. विषय : जिने आणि कठडे.
पुढच्या रांगेत बसेन. ऑरिनला कोपर मारून जागा ठेवेन.
पण त्याआधी, आत शिरताच, कोटही न काढता
छताकडे बोट करून विचारेन
मोटेलच्या माणसाला :
हे कधीपासून आहे?